प्लेगच्या जिवाणूला काय कळतं? जीनोम वाचायला शिकणाऱ्यांसाठी पहिली वाट

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था तीच. त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात दर वेळी एकच गोष्ट येते. यर्सिनिया पेस्टिस हा एवढासा जिवाणू पिसवेच्या पोटात एक वागतो आणि माणसाच्या अंगात दुसरं. पिसवेच्या अन्ननलिकेच्या टोकाशी तो चिकट गोळा करून बसतो आणि वाट अडवतो. उपाशी पिसू मग चावत सुटते आणि रोग पसरतो. ३७ अंशांच्या रक्तात आल्यावर मात्र हा चिकटपणा तो सोडून देतो. आपण कुठे आहोत, हे त्याला कळतं कसं?

हाफकिन यांच्या काळात या प्रश्नाला हातच घालता येत नव्हता. आज या जिवाणूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. सीओ९२ या वाणाचा जीनोम २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ओरिएंटॅलिस या उपप्रकारातला, म्हणजे मुंबईत शिरलेल्या त्या साथीच्या कुळातलाच. साधा लॅपटॉप, इंटरनेट आणि चार-सहा रविवार एवढ्यावर तुम्ही त्याच्या सगळ्या ‘इंद्रियांची’ यादी करू शकता. ती कशी करायची हे मी इथे सांगते. मी हे बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे कुठे अडखळायला होतं ते मला जवळून माहीत आहे.

एक गोष्ट मनात पक्की करूनच पुढे या. डेटाबेसमध्ये प्रथिनापुढे लिहिलेलं नाव हा बहुतेक वेळा कुणाचा तरी अंदाज असतो, आणि तोसुद्धा अनेकदा दुसऱ्या अंदाजावरून उतरवलेला. आपण नावं गोळा करायला बसलेलो नाही. प्रथिन कुठल्या तुकड्यांचं बनलंय, ते बघायला बसलोय.

कामापुरती ओळख

जिवाणूचं संदेशवहन चार-पाच साच्यांत बसतं. सर्वांत परिचित साचा दोन घटकांचा. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो, आलेला माणूस बघून तो इंटरकॉमवरून वर कळवतो आणि वरचा माणूस दार उघडायचं की नाही ते ठरवतो. इथला वॉचमन म्हणजे हिस्टिडीन कायनेज. हे प्रथिन सहसा पेशीपटलात रुतलेलं असतं. त्याचं एक टोक बाहेरचं काही ओळखतं, आणि आतलं टोक स्वतःच्याच एका हिस्टिडीनवर फॉस्फेट चढवतं. तो फॉस्फेट पुढे दुसऱ्या प्रथिनाच्या ऍस्पार्टिक आम्लावर जातो. हे दुसरं प्रथिन म्हणजे रिस्पॉन्स रेग्युलेटर, आणि ते सहसा डीएनएला चिकटून जनुकं चालू किंवा बंद करतं. ई. कोलाय या आतड्यातल्या ओळखीच्या जिवाणूत अशी सुमारे ३० कायनेज आहेत. एन्व्हझेड-ओम्पआर ही जोडी क्षारांचा दाब बघते, फोआर-फोबी फॉस्फेटची चणचण बघते.

एकाच घटकाचा साचा याहून साधा. ओळखणारा भाग आणि डीएनएला चिकटणारा भाग एकाच प्रथिनात असतात, मध्ये निरोप्या नाही. पुस्तकांत दोन घटकांच्या जोड्यांवर पानंच्या पानं भरलेली असतात, पण संख्येने भारी पडतो तो हाच साधा साचा. उलरिच, कूनिन आणि झुलिन यांनी २००५ मध्ये अनेक जीनोम एकत्र मोजून हे दाखवलं.

तिसरे केमोरिसेप्टर. अन्नाकडे पोहायचं की विषापासून दूर जायचं, हे यांच्यावरून ठरतं. चौथा साचा सायक्लिक-डाय-जीएमपी या छोट्या रेणूचा. १९८७ मध्ये मोशे बेंझिमन यांच्या गटाला तो सेल्युलोज बनवणाऱ्या एका जिवाणूत सापडला. तो वाढला की जिवाणू सहसा एका जागी चिकटून बसतो, कमी झाला की सुटा होऊन हिंडतो. पिसवेच्या पोटातल्या त्या गोळ्यामागेही हाच रेणू आहे. याशिवाय सेरीन-थ्रिओनीन कायनेज असतात. क्षयाच्या जिवाणूत ती ११ आहेत. आज त्यांच्याकडे वळत नाही.

पायरी १ : प्रश्न लहान ठेवा

‘जिवाणूंचं संदेशवहन’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘सीओ९२ मध्ये सायक्लिक-डाय-जीएमपी बनवणारी आणि मोडणारी प्रथिनं किती, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकात किती?’ हा प्रश्न. यर्सिनिया पेस्टिस हा यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसपासून काही हजार वर्षांपूर्वी वेगळा झाला, आणि हा नातेवाईक पिसवेच्या पोटात तसा गोळा करत नाही. इतक्या जवळच्या दोघांची तुलना असली की फरक हाताला लागतो.

प्लेग नको असेल तर क्षयाचा एच३७आरव्ही घ्या. मुंबईतल्या माणसाला तो का घ्यावा हे सांगायला नको. पाणी आणि समुद्राची ओढ असेल तर कॉलऱ्याचा एन१६९६१ घ्या. त्याला दोन गुणसूत्रं आहेत, आणि केमोरिसेप्टर चाळिसाच्या वर.

पायरी २ : हत्यारं

आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरतो. विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल घालून लिनक्स चालू करा. मग कोंडा हे प्रोग्राम उतरवून देणारं साधन बसवा आणि त्याच्या बायोकोंडा या भांडारातून हॅमर आणि ब्लास्ट (साम्य शोधायला), मॅफ्ट (प्रथिनांच्या ओळी जुळवायला) आणि आयक्यू-ट्री (वंशवृक्ष काढायला) उतरवा. संरेखनं, म्हणजे एकाखाली एक जुळवून मांडलेल्या प्रथिनांच्या ओळी, बघायला जालव्ह्यू लागेल. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची धास्ती वाटत असेल, तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गॅलक्सीवर यातलं बहुतेक काम होतं. एकेक प्रथिन तपासायला इंटरप्रोचं संकेतस्थळ उत्तम.

संरेखन मोबाइलवर बघू नका. लोकलमध्ये वेळ सत्कारणी लावावा असं वाटतं, ते मला कळतं. पण शंभर ओळी एकाखाली एक दिसल्याशिवाय डोळ्याला त्यातली ठेवण दिसत नाही.

पायरी ३ : आधी ई. कोलाय

प्लेगचा जीनोम उतरवायची घाई करू नका. पहिला जीनोम ई. कोलाय के-१२ च्या एमजी१६५५ या वाणाचा घ्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा जीनोम ४६ लाख ४१ हजार अक्षरांचा आहे आणि त्यात सुमारे ४,३०० प्रथिनं आहेत. या जिवाणूवर इतकं काम झालंय की बरोबर उत्तर आधीच ठाऊक असतं. नव्या तराजूत पहिलं वजन ओळखीचंच टाकायचं असतं.

एनसीबीआय या अमेरिकी सार्वजनिक भांडाराच्या जीनोम विभागात वाणाचं नाव टाका आणि रेफसेक या त्यांच्या संदर्भसंग्रहातली प्रत निवडा. तिथून चार गोष्टी उतरवा: प्रथिनांची फाईल, संपूर्ण डीएनएची फाईल, जनुकांच्या जागा सांगणारी जीएफएफ फाईल, आणि प्रथिनांचा तक्ता. नवखी मुलं हमखास फक्त प्रथिनांची फाईल घेतात. डीएनएचीही घ्या, पुढे तिच्यावाचून अडेल.

आणखी एक बारीक गोष्ट. रेफसेकमध्ये डब्ल्यूपीने सुरू होणारा क्रमांक प्रथिनाच्या अक्षरक्रमाचा असतो, जीनोममधल्या जागेचा नसतो. तंतोतंत तेच प्रथिन पन्नास वाणांत असेल तर पन्नासांना एकच क्रमांक. म्हणून वहीत त्या जनुकाचा लोकस टॅग, म्हणजे जीनोममधल्या त्याच्या जागेचा क्रमांक, तोही लिहा, आणि जुना टॅग दिलेला असेल तर तोही, कारण जुने शोधनिबंध जुन्या टॅगनेच बोलतात. सीओ९२ मध्ये ते वायपीओने सुरू होतात.

पायरी ४ : घराण्याचा चेहरा शोधणं

साध्या ब्लास्टने एक प्रथिन दुसऱ्यासारखं दिसतं का ते कळतं. दूरचे नातेवाईक त्यात निसटतात. त्यासाठी पीफॅम या प्रथिन-घराण्यांच्या संग्रहातले साचे वापरायचे. एका घराण्याची अनेक प्रथिनं एकाखाली एक मांडून कुठली जागा कडक आहे आणि कुठली सैल, याचा हिशोब साच्यात भरलेला असतो. एखाद्या घरातल्या दहा जणांचे फोटो बघितले की अकरावा रस्त्यात भेटला तरी ओळखू येतो, तसं हे आहे.

सुरुवातीला एवढे साचे पुरेत: रिसीव्हरचा, म्हणजे रिस्पॉन्स रेग्युलेटरच्या फॉस्फेट घेणाऱ्या भागाचा, पीएफ०००७२, कायनेजच्या एटीपी धरणाऱ्या भागाचा पीएफ०२५१८, हिस्टिडीन असलेल्या भागाचे पीएफ००५१२ आणि पीएफ०७७३०, केमोरिसेप्टरचा पीएफ०००१५, सायक्लिक-डाय-जीएमपी बनवणाऱ्या जीजीडीईएफचा पीएफ००९९०, आणि तो मोडणाऱ्या ईएएलचा पीएफ००५६३.

हॅमरच्या एचएमएमसर्चला एक साचा आणि प्रथिनांची फाईल द्या. उलटं करायचं असेल, म्हणजे एका प्रथिनावर सगळे साचे लावून बघायचे असतील, तर एचएमएमस्कॅन. आज्ञा देताना कट-जीए हा पर्याय जरूर लावा. पीफॅमने प्रत्येक घराण्यासाठी पारखून ठरवलेली किमान पातळी त्याने लागू होते. ई-व्हॅल्यूवर, म्हणजे असं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसेल त्या आकड्यावर, विसंबलात तर फाईल लहान की मोठी यावर आकडा हलतो, आणि दोन जीनोमची तुलना लंगडी पडते. निकाल डोमेन-तक्त्याच्या रूपात घ्या, म्हणजे डोमेन, प्रथिनातला स्वतंत्र घडीचा तुकडा, कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंत आहे ते मिळतं.

आता तराजू तपासा. ई. कोलायवर केमोरिसेप्टरचा साचा लावला की बरोबर ५ प्रथिनं यायला हवीत: ऍस्पार्टेट ओळखणारं टार, सेरीन ओळखणारं टीएसआर, रायबोज-गॅलॅक्टोजचं टीआरजी, डायपेप्टाइडचं टॅप आणि ऑक्सिजनचा माग काढणारं एर. जीजीडीईएफ आणि ईएएल मिळून २९ प्रथिनं: १२ मध्ये फक्त जीजीडीईएफ, १० मध्ये फक्त ईएएल, ७ मध्ये दोन्ही. हे आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. फाईल अर्धवट उतरली असेल किंवा आज्ञेत काही राहिलं असेल.

कायनेज मोजताना मात्र थांबून विचार करावा लागतो. एटीपी धरणाऱ्या साच्याने जी यादी येते, तिच्यात डीएनए जायरेजचं बी उपएककही असतं. त्याचा संदेशवहनाशी काही संबंध नाही. एटीपी धरायचा तोच जुना तुकडा निसर्गाने तिथेही वापरला, इतकंच. उलट, फक्त पीएफ००५१२ वर मोजलंत तर नायट्रेट ओळखणारं नारएक्स सुटतं, कारण त्याचा हिस्टिडीनचा भाग दुसऱ्या घराण्यातला, पीएफ०७७३० चा आहे. केमोटॅक्सिसचं, म्हणजे रसायनांच्या मागावर पोहण्याच्या यंत्रणेतलं, चीए तर दोन्हींत सापडत नाही, त्याचा हिस्टिडीन एचपीटी या वेगळ्याच डोमेनवर बसतो. एकच साचा लावून मोकळं व्हायची सोय इथे नाही.

पायरी ५ : डोमेनची रांग वाचणं

मला सगळ्यांत जास्त आवडणारी पायरी ही, आणि शिकवताना मी सर्वांत जास्त वेळही हिलाच देते. प्रत्येक प्रथिनाची डोमेन क्रमाने कागदावर काढा. हाताने. रंगीत पेन्सिली घ्या. कायनेजला एक रंग, रिसीव्हरला दुसरा, डीएनएला चिकटणाऱ्या भागाला तिसरा, पटलात रुतणाऱ्या पट्ट्यांना काळा.

आरसीएस यंत्रणा घेऊन बसा. ई. कोलायमध्ये ती आहे आणि यर्सिनियातही. पेशीच्या बाहेरच्या आवरणाला इजा झाली की ती जागी होते. आरसीएससी काढा: पटलातल्या पट्ट्या, मग हिस्टिडीनचा भाग, एटीपीचा भाग, आणि शेपटाकडे चक्क एक रिसीव्हर. कायनेजच्या अंगावर रिसीव्हर कशासाठी? आता आरसीएसडी काढा, त्यात एचपीटी आहे. मग आरसीएसबी: रिसीव्हर आणि डीएनएला चिकटणारा भाग. तिन्ही चित्रं शेजारी ठेवली की फॉस्फेटचा प्रवास बोटाने दाखवता येतो. आरसीएससीच्या हिस्टिडीनवरून त्याच्याच रिसीव्हरच्या ऍस्पार्टिक आम्लावर, तिथून आरसीएसडीच्या हिस्टिडीनवर, तिथून आरसीएसबीवर. हिस्टिडीन, ऍस्पार्टिक, हिस्टिडीन, ऍस्पार्टिक. ही रिले शर्यत नावांवरून कधीच कळली नसती. माझ्यासमोर मुलांनी पहिल्यांदा ते बोट फिरवलं की वर्ग एकदम शांत होतो, ही माझ्या नोकरीतली सुखाची जागा आहे.

चौथं, आरसीएसए, बघा. डीएनएला चिकटणारा भाग आहे, पण रिसीव्हर नाही. म्हणजे त्याला फॉस्फेट मिळत नाही. ते आरसीएसबीच्या जोडीने काम करतं. याची आठवण ठेवा, प्लेगच्या गोष्टीत ते परत येणार आहे.

पायरी ६ : बाहेर डोकावणारा भाग

आतले भाग घराणेशाहीतले, सहज ओळखू येतात. बाहेरचा, खरं काहीतरी ओळखणारा भाग मात्र झपाट्याने बदलत जातो, आणि तिथे पीफॅम अनेकदा गप्प बसतं. आधी डीप-टीएमएचएमएमने पटलातल्या पट्ट्या शोधा. दोन पट्ट्यांच्या मध्ये दीडशे-तीनशे अमिनो आम्लांची मोकळी जागा दिसली आणि तिथे कुठलंच डोमेन सापडलं नाही, तर ती जागा रिकामी समजू नका. तेवढाच तुकडा कापून दूरची नाती शोधणाऱ्या एचएचप्रेडला द्या. अल्फाफोल्डच्या भांडारात त्या प्रथिनाची घडी बहुधा असतेच, ती फोल्डसीकमध्ये टाकून तशी घडी आणखी कुणाची आहे ते बघा. अक्षरं बदलली तरी घडी टिकून राहते.

या वाटेने अनेकदा डी-कॅश नावाचं डोमेन हाती लागतं. पेशीबाहेर डोकावणाऱ्या संवेदकांत हे फार मोठं घराणं. त्याच्या एका शाखेत अमिनो आम्लं धरणारी ठरावीक अक्षरांची खूण आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हीच खूण जिवाणूंपासून थेट माणसापर्यंत सापडली. माणसात ती आहे कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा या उपएककात, जिथे नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेन्टिन जाऊन बसतं. औषधाच्या दुकानातली गोळी आणि जिवाणूचं नाक एकाच जुन्या घडीशी बांधलेलं आहे, हे वाचून मी त्या दिवशी दुसरं काही काम करू शकले नाही.

संवेदक बाहेरच असतो असंही नाही. क्षयाच्या जिवाणूतलं डॉसएस बघा. त्यात पटलातल्या पट्ट्याच नाहीत, आत जीएएफ नावाची दोन डोमेन आहेत आणि त्यांतल्या पहिल्यात हीम हा लोहयुक्त रेणू धरलेला आहे. ऑक्सिजन कमी झाला की त्याला आतूनच कळतं. ही यंत्रणा भारतात दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटाने डेव्हआर-डेव्हएस या नावाने उजेडात आणली. एकाच जनुकाची दोन नावं चालू असल्यामुळे शोधताना दोन्ही टाका.

पायरी ७ : शेजार

जिवाणूच्या जीनोममध्ये एकत्र काम करणारी जनुकं पुष्कळदा शेजारी राहतात. कायनेज सापडलं की जीएफएफ फाईलमध्ये दोन्ही बाजूंची पाच-पाच जनुकं बघा. शेजारी रिसीव्हर असेल तर जोडीचा अंदाज बांधता येतो. शेजारी एखाद्या साखरेची वाहतूक करणारी जनुकं असतील तर संवेदक त्या साखरेशी संबंधित असण्याची शक्यता वाढते. झुलिन यांच्या गटाचं ट्रेंड हे साधन वंशवृक्षाचं झाड, डोमेन आणि शेजार एकाच चित्रात दाखवतं.

शेजार नाही म्हणजे नातं नाही, असं मात्र नसतं. डॉसआर (म्हणजेच डेव्हआर, डॉसएसचा रिस्पॉन्स रेग्युलेटर) आणि डॉसएस एकमेकांना खेटून आहेत, आरव्ही३१३३सी आणि आरव्ही३१३२सी. त्यांचा तिसरा सोबती डॉसटी राहतो दूर आरव्ही२०२७सी वर, आणि तरीही डॉसआरलाच निरोप देतो.

पायरी ८ : मोडलेली जनुकं

आता प्लेग. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने सीओ९२ चा तक्ता आणून दाखवला. “मॅडम, एफएलएचडी गायबच आहे. पूर्ण उडालंय.” एफएलएचडी हे कशाभिका, म्हणजे पोहायची शेपटी, बनवण्याच्या कामातलं वरिष्ठ नियंत्रक. प्लेगचा जिवाणू पोहत नाही, त्यामुळे तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी तिला विचारलं, “शोधलंस कुठे?” प्रथिनांच्या फाईलमध्ये.

गोम तिथेच होती. ज्या जनुकावर मोडलेलं, म्हणजे स्यूडोजीन, असा शिक्का बसतो, त्याचं प्रथिन त्या फाईलमध्ये ठेवलेलंच नसतं. जनुक उडालं आहे की मोडून तिथेच पडलं आहे, हे त्या फाईलवरून कळूच शकत नाही. आम्ही नातेवाइकाचं चांगलं एफएलएचडी घेतलं आणि टीब्लास्टएनने थेट प्लेगच्या डीएनएवर शोधलं. या पद्धतीत संगणक डीएनए सहाही चौकटींत वाचून बघतो. जनुक तिथेच होतं. थोड्या अंतरापर्यंत एका चौकटीत जुळत होतं, आणि मग उरलेलं शेजारच्या चौकटीत. तीन-तीन अक्षरांच्या वाचनात मध्येच अक्षरांची संख्या बिघडली की पुढचं सगळं वाचन सरकतं, याचंच ते चित्र होतं. तिने पडद्यावर बोट ठेवून ती जागा शोधली, आणि मग बराच वेळ ते बोट तिथून काढलं नाही. कधीकाळी हा जिवाणू पोहत होता, याची खूण अजून तिथे पडलेली आहे.

सीओ९२ च्या जीनोममध्ये अशी सुमारे १५० मोडलेली जनुकं मूळ संशोधकांनीच नोंदवली होती. आपल्या प्रश्नाला त्यातली दोन थेट लागू पडतात. सायक्लिक-डाय-जीएमपी मोडणारी पीडीई२ आणि पीडीई३ ही दोन एन्झाइमं नातेवाइकात चालू आहेत, प्लेगच्या जिवाणूत मोडलेली. तो रेणू बनवणारी एचएमएसटी आणि एचएमएसडी मात्र शाबूत. म्हणजे नळ चालू आणि मोरीची दोन तोंडं बुजलेली. पिसवेच्या पोटात चिकट गोळा का होतो, याचं अर्धं उत्तर तुमच्या तक्त्यातच येतं.

उरलेल्यातला एक मोठा भाग म्हणजे मघाचं आरसीएसए. नातेवाइकात ते बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, दाबून ठेवतं. प्लेगच्या जिवाणूत त्याच्या आतला ३० अक्षरांचा तुकडा दोनदा आलाय आणि जनुक निकामी झालंय. ३० ला ३ ने भाग जातो, त्यामुळे वाचनाची चौकट सरकत नाही. असं बिघडलेलं जनुक संगणकाच्या नजरेतून निसटू शकतं. साचा जुळेल, यादीत नाव येईल, आणि तुम्ही ‘आरसीएसए : आहे’ असं लिहून मोकळे व्हाल. दोन्ही जिवाणूंचं आरसीएसए संरेखित करून बघितलं, तरच मध्ये घुसलेला तुकडा डोळ्याला दिसतो. म्हणून जवळच्या नातेवाइकाशी लांबी ताडून बघायची सवय लावा. दहा-वीस अमिनो आम्लांचाही फरक असेल तर तिथे थांबा.

पायरी ९ : नेमकं अक्षर

डोमेन आहे म्हणजे ते काम करतंच असं नाही. ई. कोलायच्या चीवाय या रिसीव्हर प्रथिनामध्ये फॉस्फेट घेणारं ऍस्पार्टिक आम्ल ५७ व्या जागी आहे. तुमची सगळी रिसीव्हर डोमेन कापून घ्या, त्यात चीवाय घाला, मॅफ्टने संरेखन करा आणि जालव्ह्यूमध्ये ५७ चा स्तंभ वरून खाली वाचत जा. जिथे डी (ऍस्पार्टिक आम्लाचं अक्षर) सोडून दुसरं अक्षर आहे, ते रिसीव्हर नेहमीच्या पद्धतीने फॉस्फेट घेत नसणार. त्याला लाल खूण करा.

जीजीडीईएफचं नावच त्याच्या पाच अमिनो आम्लांच्या अक्षरांवरून पडलंय. तीच पाच अक्षरं बिघडलेली असतील तर ते बहुधा रेणू बनवत नाही. तिसऱ्या जागी डी ऐवजी ई चालतो. ई. कोलायच्या त्या २९ पैकी ४ प्रथिनं अशी आहेत की ती ना बनवतात ना मोडतात, पण पेशीत दुसरी कामं करतात. म्हणून तक्त्यात ‘डोमेन आहे’ आणि ‘अक्षरं शाबूत’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.

पायरी १० : मग मोठी मोजणी

एक जीनोम नीट वाचून झाल्यावरच शंभरांकडे जा. तिथे घ्यायची मुख्य काळजी एकच. भांडारात ई. कोलायसारख्या जिवाणूंचे जीनोम हजारोंनी पडलेत आणि मातीतल्या एखाद्या प्रजातीचा एकच. सगळे घेतले तर उत्तर ई. कोलायकडे झुकतं. जीटीडीबीच्या वर्गीकरणातून प्रत्येक प्रजातीचा एक प्रातिनिधिक जीनोम घ्या. अर्धवट जोडलेले जीनोम टाळा, त्यांत ‘नाही’ या शब्दाला अर्थ उरत नाही. झाड आयक्यू-ट्रीने काढा. संवेदक आणि आतला भाग यांचं एकत्र झाड काढू नका. डोमेन इकडची तिकडे जोडली जातात, त्यामुळे दोन्हींचा इतिहास वेगळा असू शकतो.

आकडे आले की एक सुंदर ठेवण दिसते. गाल्पेरिन यांनी २००५ मध्ये ती मांडली: जीनोम जसा मोठा होतो, तशी संदेशवहनाची प्रथिनं त्याहून वेगाने वाढतात. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियममध्ये दोन घटकांची एकही जोडी नाही, कारण माणसाच्या शरीरात त्याचं जग फारसं बदलत नाही. मातीत झुंडीने शिकार करणाऱ्या मिक्सोकोकस झँथसचा जीनोम ९१ लाख अक्षरांचा, आणि दोन घटकांच्या यंत्रणेची जनुकं अडीचशेच्या वर. तुमच्या आलेखात एखादा जिवाणू या रेषेपासून फार दूर पडला, तर पुढचा प्रश्न तिथूनच उचला.

तुमचा स्वतःचा निकाल मिस्ट या तयार डेटाबेसशी शेवटी ताडून बघा. आधी बघू नका. आधी बघितलं की डोळा तेच शोधतो. फरक निघाले तर त्यांची यादी ठेवा. कधी चूक आपली असते, कधी त्यांची मोजायची रीत वेगळी असते, आणि दोन्ही वेळा काहीतरी समजतं.

माझ्या वहीतल्या तक्त्याला सात रकाने आहेत: लोकस टॅग, डोमेनची रांग, बाहेरच्या भागाची घडी, शेजार, अक्षरं शाबूत की नाही, नातेवाइकाशी फरक, आणि ‘प्रयोगाने सिद्ध?’ आरसीएसएच्या ओळीत शेवटचा रकाना भरलेला आहे. संशोधकांनी नातेवाइकाचं चांगलं आरसीएसए प्लेगच्या जिवाणूत बसवलं आणि पिसवेच्या पोटातली बायोफिल्म जवळजवळ नाहीशी झाली. त्याच्या वरच्या-खालच्या बऱ्याच ओळींत तो रकाना अजून कोरा आहे.